आष्टीचा रकाना : वेब-फ्रेमवर्कमधील तपासणी-घटकांची मीमांसा

वेबवरील अर्जाच्या प्रत्येक रकान्यामागे एक तपासणी उभी असते. अर्जदाराने लिहिलेले मूल्य स्वीकारावयाचे की परत पाठवावयाचे, याचा निर्णय ती करते. आणि हा निर्णय क्षणार्धात, कोणाही मनुष्याचा हात न लागता होत असल्यामुळे त्याच्या मागची भूमिका सहसा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीच्या वेब-फ्रेमवर्कांनी या तपासणीला स्वतंत्र क्लासचे रूप दिले. एकदा लिहिलेला क्लास शंभर अर्जांत वापरता यावा, हे या रचनेचे मुख्य प्रयोजन होय. प्रयोजन रास्त आहे आणि त्याने पुष्कळ श्रम वाचले आहेत, यात शंका नाही. परंतु पुनर्वापर होतो तो नेमका कशाचा, नियमाचा की नियमामागील गृहीतांचा, हा प्रश्न रचनाशास्त्राच्या चर्चेत जितक्या गांभीर्याने यावयास हवा होता तितका आलेला नाही. प्रस्तुत विवेचनात तो एका गावाच्या नावाच्या आधारे तपासून पाहावयाचा आहे. ते गाव म्हणजे जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी.

आष्टीची निवड कौतुकासाठी केलेली नाही. हे नाव अर्जाच्या दृष्टीने अडचणीचे आहे, आणि अडचणीची उदाहरणेच रचनेचे खरे स्वरूप उघड करतात. महाराष्ट्रात आष्टी एक नाही. बीड जिल्ह्यात आष्टी हे तालुक्याचे ठिकाण आहे. १९४२ च्या आंदोलनातील हौतात्म्यामुळे ओळखली जाणारी आष्टी वर्धा जिल्ह्यात असून तीही तालुक्याचेच ठिकाण आहे. १८१८ साली बापू गोखले जेथे रणांगणात पडले ती आष्टी सोलापूर जिल्ह्यात येते, तर गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात आणखी एक आहे. परतूर तालुक्यातल्या आष्टीची गोष्ट याहून थोडी गुंतागुंतीची. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यातून घेतला गेला, परतूर तालुका मात्र परभणी जिल्ह्यातून. म्हणजे या आष्टीत १९७५ साली जन्मलेल्या मनुष्याचे जन्मस्थान जन्मसमयी परभणी जिल्ह्यात होते आणि आज ते जालना जिल्ह्यात आहे. गाव मात्र जागचे हललेले नाही. ‘जन्मगाव’ व ‘जन्मजिल्हा’ असे दोन रकाने असलेला कोणताही अर्ज या मनुष्यासमोर ठेवला, तर त्याने काय लिहावे आणि तपासणीने काय मान्य करावे, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी तपासणी-घटकांची वाटचाल थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. २००२ साली आलेल्या एएसपी डॉट नेटने तपासणीला पानावर ठेवण्याजोग्या वस्तूचे रूप दिले. रकाना भरला आहे काय, मूल्य मर्यादेत आहे काय, दोन रकाने परस्परांशी जुळतात काय, विशिष्ट आकृतीत बसते काय, या प्रत्येक प्रश्नासाठी एकेक क्लास, आणि सर्वांचा मूळ क्लास एकच. रुबी ऑन रेल्सने २००४ पासून हे नियम अर्जाकडे न ठेवता विदेच्या प्रतिमानाकडे, म्हणजे मॉडेलकडे सोपवले. पायथॉनमधील जँगो हे फ्रेमवर्क २००५ साली सार्वजनिक झाले. त्याने रकाना हीच एक वस्तू मानली, आणि २०१० च्या १.२ या आवृत्तीत तपासणीचे नियम रकान्यापासून सुटे करून त्यांना स्वतंत्र स्थान दिले. जावाच्या जगात २००९ साली बीन व्हॅलिडेशन हे प्रमाणपत्रक निश्चित झाले आणि नियम हे क्लासच्या अंगावर चिकटवलेल्या टिपणांसारखे लिहिता येऊ लागले. पीएचपीमधील सिम्फनीने हाच मार्ग अनुसरला, मात्र नियम सांगणारा क्लास आणि नियम तपासणारा क्लास असे दोन भाग तिने स्पष्टपणे वेगळे ठेवले.

या सर्वांत एक संकेत समान आढळतो आणि तो विशेष प्रशंसेस पात्र आहे. रिकामे मूल्य हे चुकीचे मूल्य नव्हे, असे हे घटक बहुधा मानतात. आकृती तपासणारा घटक रिकाम्या रकान्याला दोष देत नाही. तो दोष देण्याचे काम ‘भरणे आवश्यक’ असे सांगणाऱ्या वेगळ्या घटकाचे. दिसावयास ही बाब किरकोळ आहे, परंतु घटकाने आपल्या कक्षेबाहेरच्या गोष्टीविषयी मौन पाळावे, हे पुनर्वापराचे पहिले तत्त्व येथे बिनबोभाट अमलात आलेले आहे. दुर्दैवाने हेच तत्त्व पुढे सर्वत्र पाळले गेले नाही.

तपासणीचे नियम एका जातीचे नसतात. काही नियम मूल्याच्या आकाराविषयी असतात, काही दोन मूल्यांच्या परस्परसंबंधाविषयी, आणि काही बाहेरच्या जगाविषयी. आकाराच्या नियमाचे उत्तम उदाहरण म्हणजे आधार क्रमांक. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे पहिला आधार क्रमांक दिला गेला. या बारा अंकांतील शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. त्याची रीत डच गणितज्ञ याकोबस व्हेरहूफ यांनी १९६९ साली प्रसिद्ध केली. एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही रीत ती चूक हमखास पकडते. तिला गाव, भाषा, वर्ष, शासन यांपैकी कशाचीही माहिती लागत नाही. असा घटक खऱ्या अर्थाने पुन्हा वापरता येतो, कारण त्याला लागणारे सर्व काही मूल्यातच असते. मात्र तो सांगतो ते इतकेच की ही अंकपंक्ती आधार क्रमांक असू शकेल. ती कोणाची आहे, याविषयी तो काही सांगत नाही आणि सांगण्याचा आवही आणत नाही.

पिन क्रमांकाची गोष्ट याच्या सीमेवरची आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आलेल्या या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी संस्कृत कवीही होते. सहा अंकांत देशाची मांडणी बसवणाऱ्या या योजनेची घट्ट बांधणी पाहता ही माहिती अगदीच अनपेक्षित वाटू नये. पिन सहा अंकांचा असतो व शून्याने सुरू होत नाही, हे आकारावरून तपासता येते. पण ‘महाराष्ट्राचा पिन ४० ते ४४ ने सुरू होतो’ असा नियम लिहिला की घटकाने आकाराची हद्द ओलांडून भूगोलात पाऊल टाकले. आणि तेथे लगेच अपवाद भेटतो, कारण ४०३ ने सुरू होणारे पिन गोव्याचे आहेत. शिवाय एका पिनखाली अनेक गावे येतात, त्यामुळे पिनवरून गाव ठरवता येत नाही.

आता आष्टी हे नाव घ्यावे. पुष्कळ अर्जांत नावाच्या रकान्यावर ‘फक्त अक्षरे’ असा नियम असतो, आणि तो रेग्युलर एक्सप्रेशनच्या साहाय्याने लिहिलेला असतो. ‘आष्टी’ या शब्दाचे युनिकोडमध्ये पाच घटक होतात: आ, ष, हलन्ताची खूण, ट, आणि दीर्घ ईची वेलांटी. यांपैकी युनिकोडच्या वर्गीकरणात ‘अक्षर’ या वर्गात येतात ती तीनच. हलन्त व वेलांटी यांची गणना ‘चिन्ह’ या निराळ्या वर्गात होते. परिणामी केवळ अक्षरवर्गास अनुमती देणारा नियम आष्टीला नाकारतो. पायथॉनच्या प्रमाण ग्रंथालयात शब्दातील अक्षरांसाठी असलेली खूणही या दोन चिन्हांना वगळते, आणि तिच्या दृष्टीने आष्टी या नावात ‘आष’ व ‘ट’ असे दोन तुकडे तेवढे उरतात. जावास्क्रिप्टमध्ये तीच खूण रोमन लिपीपुरती मर्यादित असल्याने तेथे एकही अक्षर शिल्लक राहत नाही. नियम लिहिणाऱ्याच्या मनात अर्थातच मराठीविषयी आकस नव्हता. ज्या लिपीत स्वर व्यंजनाशेजारी स्वतंत्र अक्षर म्हणून उभा राहतो, त्या लिपीचा अनुभव त्याने सर्व लिप्यांचा अनुभव मानला, एवढेच. परंतु घटक पुन्हा वापरला जातो तेव्हा हे मानणेही पुन्हा वापरले जाते.

लांबीच्या नियमाचीही अशीच गत आहे. आष्टी हे नाव उच्चारात दोन अक्षरांचे, युनिकोडच्या मोजणीत पाच घटकांचे आणि यूटीएफ-८ या सांकेतिक पद्धतीत पंधरा बाइटांचे. ‘कमाल वीस’ असे म्हणणारा घटक यांपैकी काय मोजतो, हे त्याच्या नावावरून कळत नाही. बाइट मोजणाऱ्या विदागारात वीसाच्या मर्यादेत देवनागरीची सहाच चिन्हे मावतात. आष्टी मावते, परंतु तिच्या शेजारची बरीच गावे मावणार नाहीत.

याहून सूक्ष्म अडचण दिसण्यातील सारखेपणाची आहे. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील रफाराऐवजी येणारा आडवा र दोन प्रकारे टंकित होतो: एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, तर एकदा साध्या ‘र’ पुढे अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. सुरक्षेच्या कारणास्तव अदृश्य चिन्हांना सरसकट मज्जाव करणारा घटक दुसऱ्या प्रकारच्या कुऱ्हाडे यांना बाहेर ठेवतो. तीच स्थिती ‘ॲ’ची. २००८ च्या ५.१ या आवृत्तीत युनिकोडने त्यासाठी स्वतंत्र स्थान दिले. त्यापूर्वीच्या पद्धतीने लिहिलेला, म्हणजे ‘अ’वर चंद्र ठेवून बनवलेला वर्ण युनिकोडच्या प्रमाणीकरणातही त्याच्याशी एकरूप होत नाही. तेव्हा दोन रकाने ‘समान’ आहेत काय हे पाहणारा घटक डोळ्यांना समान दिसणाऱ्या दोन नावांना भिन्न ठरवू शकतो. येथे जँगोने घालून दिलेला क्रम मार्गदर्शक ठरतो. त्या रचनेत रकाना आधी मूल्याचे रूपांतर करतो आणि मगच ते तपासतो. मूल्य प्रथम एका ठरलेल्या रूपात आणावे आणि त्यानंतर त्याची परीक्षा घ्यावी, ही शिस्त मराठी नावांच्या बाबतीत सोयीची बाब राहत नाही. तिच्यावाचून न्याय्य तपासणी होऊच शकत नाही. मात्र मराठीसाठी हे रूपांतर कोणते, हे फ्रेमवर्क सांगत नाही व त्याने सांगावे अशी अपेक्षाही नाही. ते काम येथल्या अभ्यासकांचे आहे.

आतापर्यंतच्या अडचणी घटक सुधारून दूर होण्याजोग्या आहेत. यापुढची तशी नाही. आष्टी जालना जिल्ह्यात आहे काय, या प्रश्नाचे उत्तर आष्टी या मूल्यात नाही. ते जगात आहे, आणि तेथेही ते काळाच्या अधीन आहे. एक नोव्हेंबर १९५६ पूर्वी हे गाव हैदराबाद राज्यात होते, त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. १९८१ नंतर ते जालना जिल्ह्यात आले. हा जिल्हा ज्या महसूल विभागात मोडतो, त्याचे नाव औरंगाबाद होते आणि २०२३ साली ते छत्रपती संभाजीनगर झाले. गावांना सांकेतिक क्रमांक देण्याची व्यवस्था जनगणनेने आणि पंचायती राज मंत्रालयाच्या निर्देशिकेने केलेली असल्याने निरनिराळ्या आष्टींमधील गोंधळ त्या क्रमांकाने मिटतो, हे खरे. परंतु क्रमांक आजच्या गावाचा असतो. अर्जात कित्येकदा कालच्या गावाविषयी विचारलेले असते.

काळावर अवलंबून असणाऱ्या नियमाचे याहून ताजे उदाहरण महाराष्ट्र शासनाच्या २०२४ मधील निर्णयाचे आहे. त्या वर्षीच्या १ मे रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम बंधनकारक करण्यात आला. ‘आईचे नाव आवश्यक’ हा नियम आता एका रकान्याचा राहिलेला नाही. तो जन्मतारखेच्या रकान्याकडे पाहिल्यावाचून लागू करता येत नाही. ज्याने नावाचा रकाना हा एक स्वयंपूर्ण घटक म्हणून बांधला असेल, त्याला तो येथे मोडावा लागेल. जँगोत अशा नियमासाठी संपूर्ण अर्जाच्या पातळीवर जागा आहे, बीन व्हॅलिडेशनमध्ये संपूर्ण क्लासच्या पातळीवर. दोन्हीकडे सोय आहे. पण या पातळीवरचे नियम त्या त्या अर्जापुरते लिहिले जातात आणि पुनर्वापराच्या कक्षेबाहेर राहतात, असा अनुभव आहे. म्हणजे सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचे नियम प्रत्येक कार्यालय नव्याने, आणि अर्थात् नव्या चुकांसह, लिहीत राहते.

यावर वारशाचा, म्हणजे इनहेरिटन्सचा उपाय पुष्कळदा सुचवला जातो. नावाचा एक सामान्य क्लास घ्यावा, त्यापासून महाराष्ट्राचा, त्यापासून मराठवाड्याचा, असे वंश वाढवावेत. हा उपाय मोहक आहे, कारण तो प्रशासनाच्या उतरंडीसारखा दिसतो. परंतु बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या व्याख्यानात मांडलेल्या विचाराप्रमाणे, जेथे मूळ क्लासची वस्तू चालते तेथे वंशज क्लासची वस्तूही चालली पाहिजे. तपासणीच्या क्षेत्रात वंशज बहुधा अधिक कडक असतो. मूळ घटक ज्या मूल्याला मान्यता देई, ते तो नाकारतो, आणि मूळ घटकावर विसंबून लिहिलेला भाग कोसळतो. शिवाय वारसा एकाच दिशेचा असतो. परतूरची आष्टी कोणाची वंशज मानावी? आजच्या जालन्याची की १९८१ पूर्वीच्या परभणीची? १९९४ सालच्या रचना-प्रतिमानांवरील प्रसिद्ध ग्रंथाने वारशापेक्षा जुळणीला पसंती द्यावी असे प्रतिपादन केले ते सर्वसाधारण रचनेसंबंधी. तपासणीच्या संदर्भात त्याला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. लहान, आपापली मर्यादा जाणणारे नियम शेजारी शेजारी मांडले, तर प्रत्येकाला तो कोणत्या काळापासून, कोणत्या प्रदेशासाठी व कोणत्या आदेशान्वये लागू आहे, हे स्वतंत्रपणे सांगता येते. वारशात ही सगळी कारणे पूर्वजांच्या उदरात लुप्त होतात.

येथे भाषेसंबंधीचा एक मुद्दा विषयांतराचा दोष पत्करूनही नोंदवण्याजोगा आहे. तपासणी अयशस्वी झाली की संदेश दाखवावा लागतो. रेल्ससारख्या फ्रेमवर्कात संदेशाची घडण ‘रकान्याचे नाव’ अधिक ‘दोष’ अशी सरळ जोडणीची आहे. इंग्रजीत ती चालते, कारण तेथील विशेषण बदलत नाही. मराठीत क्रमांक चुकीचा असतो, जन्मतारीख चुकीची असते आणि गाव चुकीचे असते. एकच साचा सर्व रकान्यांना लावला तर कोठेतरी व्याकरण मोडणारच. या अडचणीतून मराठी अर्जांनी नकळत एक वाट काढलेली दिसते: अर्जांची भाषा ‘अवैध’, ‘अनिवार्य’, ‘रिक्त’ अशा तत्सम विशेषणांकडे झुकते, कारण ती लिंगानुसार बदलत नाहीत. क्रमांक अवैध, तारीख अवैध, गाव अवैध. शासकीय मराठीच्या संस्कृतप्रचुरतेची कारणे पुष्कळ व जुनी आहेत. त्यांत यंत्राच्या साच्याने स्वतःची एक भर घातली आहे. परंतु आपले गाव ‘अवैध’ आहे असे पडद्यावर वाचणाऱ्या आष्टीच्या रहिवाशाला त्या शब्दाचा अर्थ ‘चुकीचे लिहिले’ एवढाच लागेल, अशी खात्री देता येत नाही. घटकाने वाक्य न बनवता केवळ दोषाचा संकेत व त्याचे तपशील द्यावेत, आणि वाक्यरचना भाषा जाणणाऱ्या थरावर सोपवावी, हा यावरील उपाय होय. जँगोच्या दोष-वस्तूत संकेत व तपशील यांसाठी वेगळी जागा आहे, ती याच कारणाने मोलाची.

आता मूळ प्रश्नाचा गाभा. आजवरच्या बहुतेक तपासणी-घटकांचा करार असा आहे की मूल्य द्यावे आणि होकार किंवा नकार घ्यावा. महाराष्ट्राच्या महसूल-व्यवहारात याहून निराळी एक परंपरा आहे आणि ती या चर्चेत कधी आणली जात नाही. गावाचे हिशेब ज्या एकवीस नमुन्यांत ठेवले जातात, ते पुनर्वापरक्षम अर्जांचेच एक जुने कुटुंब होय. सातबाराचा उतारा हा त्यांतील नमुना सात व नमुना बारा यांचा संयोग. हक्कात बदल झाला की तलाठी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, नोंद धरी. हितसंबंधितांना नोटीस जाई. मुदतीत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करी, आणि हरकत आल्यास ते प्रकरण नमुना सहा-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाई. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने ही रीत कायम ठेवली, आणि फेरफाराची नोंद संगणकावर गेल्यानंतरही तिचा सांगाडा टिकून आहे.

या रचनेत लक्षणीय बाब ही की नोंद धरणे आणि नोंद प्रमाणित करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. सांगणाऱ्याचे म्हणणे आधी कागदावर येते, त्याची परीक्षा नंतर होते, आणि नामंजूर झालेली नोंदसुद्धा कारणासह नोंदवहीत शिल्लक राहते. शेऱ्याचा रकाना हा या व्यवस्थेचा आत्मा होय. वेबवरील अर्जात परीक्षा आधी आहे आणि नोंद नंतर. परीक्षेत न उतरलेले म्हणणे कोठेच लिहिले जात नाही. परभणी जिल्हा लिहिणाऱ्या आष्टीच्या मनुष्याला यंत्र परत पाठवते तेव्हा तो आला होता, याचाही पुरावा उरत नाही. त्याने मग निमूटपणे जालना निवडले, तर अर्ज स्वीकारला जातो आणि जन्मदाखल्याशी त्याची विसंगती कायमची दप्तरात जाते. तपासणीने खरी माहिती नाकारून खोटीला वाट करून दिली, असे येथे म्हणावे लागते.

याचा प्रतिवाद करता येतो आणि तो हलका नाही. कागदी व्यवस्थेतील शेरा लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असे. त्यासाठी चावडीवर खेटे घालावे लागत, आणि कोणाची नोंद किती दिवस पडून राहावी याचे गणित गावात सर्वांना ठाऊक असे. यंत्राचा नकार निदान तत्काळ असतो आणि मातब्बराला व दुबळ्याला सारखाच असतो. हा गुण मान्य करूनही असे दिसते की सारखेपणा हा नकाराचा गुण आहे, एकमेव उत्तर म्हणून नकारच असण्याचा नव्हे. शंकाही सर्वांना सारखी दाखवता येते. बीन व्हॅलिडेशनने प्रत्येक नियमासोबत अधिक माहिती वाहून नेण्याची सोय ठेवली आणि तिचा उपयोग सांगताना दोषाची तीव्रता हेच उदाहरण दिले. सिम्फनीनेही पुढे ती सोय स्वीकारली. म्हणजे ‘अमान्य’ व ‘शेऱ्यासह मान्य’ यांतील भेद घटकाच्या पातळीवर व्यक्त करणे तंत्रदृष्ट्या शक्य आहे. उणीव आहे ती पुढच्या पायरीची: शेऱ्यासह आलेला अर्ज कोणत्या नोंदवहीत जावा आणि तो कोणी वाचावा, हे ठरवणारा घटक फ्रेमवर्कात नाही. वेबला आपला नमुना सहा-अ अद्याप मिळालेला नाही.

ही उणीव किती महाग पडू शकते, हे महाराष्ट्रातील दोन कर्जमाफी योजनांच्या तुलनेवरून दिसून येते. जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतच्या थकित कर्जाची माफी होती आणि तिच्यासाठी शेतकऱ्याने आधार क्रमांकासह ऑनलाईन अर्ज भरावयाचा होता. ती मुदत २२ सप्टेंबर २०१७ रोजी संपली. अर्जातील माहिती नंतर बँकांकडून आलेल्या माहितीशी ताडून पाहण्यात आली. या जुळवणीत विसंगती निघाल्या व प्रक्रिया लांबली, हे त्या काळच्या वृत्तपत्रांतून नोंदलेले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत कर्जाची मर्यादा दोन लाख रुपयांची होती, परंतु रचनेच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक निराळाच. तेथे शेतकऱ्याकडून अर्ज घेतला गेला नाही. बँकांच्या माहितीवरून याद्या तयार होऊन गावोगावी प्रसिद्ध झाल्या. शेतकऱ्याने आधारद्वारे ओळख पटवून यादीतील रक्कम मान्य आहे की नाही एवढे सांगावयाचे, आणि मान्य नसल्यास तक्रार नोंदवावयाची, जिचा निर्णय यंत्राऐवजी अधिकारी करीत.

दोन्ही योजनांत तपासावयाच्या वस्तू जवळजवळ त्याच आहेत: आधार क्रमांक, नाव, गाव, कर्जखाते, रक्कम. व्हेरहूफचा घटक दोहोंत तसाच्या तसा वापरता येतो. बदलले आहे ते नियमाचे स्थान. पहिल्या रचनेत जगाविषयीच्या माहितीचा भार शेतकऱ्यावर होता आणि यंत्र परीक्षक होते; दुसरीत माहिती आधी व्यवस्थेने मांडली आणि असहमती हे वैध उत्तर मानले. दुसरी योजना सर्वांगी निर्दोष होती असे यातून सुचवावयाचे नाही. तिच्या याद्यांतही चुका असू शकत. परंतु चूक आढळल्यास ती सांगण्याची जागा त्या रचनेच्या अंगातच होती.

आष्टीच्या रकान्यासाठी घटक बांधावयाचा झाल्यास त्याचा करार कसा असावा, याची रूपरेषा यावरून काढता येते. तो नाव एका प्रमाण रूपात आणील, मात्र मूळ लिहिलेले नाव टाकून देणार नाही. वेलांट्या व जोडचिन्हे यांना तो अक्षरांइतकेच नावाचे अवयव समजेल. मूल्याबरोबर तो एक संदर्भही मागील: कोणत्या तारखेचे गाव विचारले आहे, आणि उत्तर कोणत्या यादीच्या कोणत्या आवृत्तीवर ताडावयाचे आहे. संदर्भ न मिळाल्यास तो आकारापलीकडे काही बोलणार नाही, जसा आकृतीचा घटक रिकाम्या रकान्याविषयी बोलत नाही. १९७५ ची जन्मतारीख व परभणी जिल्हा एकत्र आल्यास तो मान्यता देईल. तीच जन्मतारीख व जालना जिल्हा एकत्र आल्यास तो अर्ज घेईल, आणि संकेताच्या रूपात शेरा ठेवील की १ मे १९८१ पूर्वीच्या जन्मासाठी आजचा जिल्हा लिहिलेला आहे. दाखल्यावर परभणी असण्याचा संभव आहे.